वैशाखी पौर्णिमा : एक दिवस, अनेक परंपरा

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामीण भागातील शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैशाखातील ऊन उतरू लागले की महाराष्ट्रातील गावोगावच्या विहारांसमोर लगबग सुरू होते. पांढरी लुगडी नेसलेल्या स्त्रिया, पांढऱ्या सदऱ्यातील पुरुष, पंचरंगी ध्वज हाती घेतलेली मुले, पुढे भगवान बुद्धाची मूर्ती आणि तिच्याशेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा, अशी मिरवणूक गावातून निघते. विहारात परतल्यावर त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते. सुजातेने दिलेल्या पायसान्नाची आठवण म्हणून खीर वाटली जाते. रात्री चांदण्यात व्याख्यान होते किंवा बुद्ध-भीमगीतांचा कार्यक्रम रंगतो. गावाच्या दिनदर्शिकेत या दिवसाची नोंद 'बुद्ध जयंती' अशी असते.

त्याच सुमारास बुद्धगयेत निराळे दृश्य दिसते. तेथे थायलंड, ब्रह्मदेश, श्रीलंका, तिबेट, भूतान, जपान अशा अनेक देशांच्या बौद्धांनी आपापले विहार बांधलेले आहेत. प्रत्येक विहाराचे शिखर वेगळे, मूर्तीची घडण वेगळी, चीवराचा रंग वेगळा आणि पठणाची भाषाही वेगळी. परंतु या विहारांतून निघणाऱ्या सर्व वाटा एकाच बोधिवृक्षापाशी येऊन मिळतात.

गावातील मिरवणूक आणि बुद्धगयेतील ही वर्दळ एकाच सणाची दोन रूपे आहेत. एवढ्या भिन्न परंपरा एका दिवशी एकत्र कशा येतात आणि एकत्र येताना त्यांनी काय सोडले, काय राखले, हा या व्याख्यानाचा विषय होय. पंचायतीच्या कारभाराशी तो दूरचा वाटला, तरी वास्तविक तो फार जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ८४,४२,९७२ बौद्ध होते. त्यांपैकी ६५,३१,२०० एकट्या महाराष्ट्रात होते. म्हणजे देशातील दर चार बौद्धांमध्ये तीन महाराष्ट्रातील. ज्या राज्यात असे चित्र आहे, तेथे बुद्ध जयंती हा एका वस्तीपुरता कार्यक्रम राहावा की साऱ्या गावाने आपला मानावा, हा प्रश्न केवळ धार्मिक नसून सामाजिक जीवनाचाही आहे.

पौर्णिमेची मूळ कल्पना

बौद्ध परंपरेत पौर्णिमेला मोठे महत्त्व आहे. पण त्याची सुरुवात कशी झाली हे फारसे सांगितले जात नाही. विनयपिटकातील कथेप्रमाणे मगधचा राजा बिंबिसार याच्या असे लक्षात आले की, इतर पंथांचे परिव्राजक चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या व अष्टमी या दिवशी एकत्र जमतात, लोकांना आपला विचार सांगतात आणि त्यामुळे लोकांचा त्यांच्याशी स्नेह जडतो. बौद्ध संघानेही असे जमावे, अशी सूचना त्याने केली आणि बुद्धांनी ती मान्य केली. भिक्षू जमू लागले, परंतु नुसतेच मौन धरून बसत. ऐकण्यासाठी आलेले लोक नाराज झाले. तेव्हा जमल्यावर लोकांना धम्म सांगावा, असा नियम करण्यात आला.

या छोट्या कथेत दोन गोष्टी आहेत. एकत्र जमण्याचा दिवस बौद्ध संघाने इतर पंथांच्या रिवाजावरून घेतला आणि तोही एका गृहस्थाच्या सूचनेवरून. आणि लोक जमल्यावर त्यांच्याशी बोलणे हे संघाचे कर्तव्य ठरले. दुसऱ्याकडून चांगली गोष्ट घेण्यात कमीपणा नाही आणि लोकांशी संवाद नसेल तर जमण्याला अर्थ नाही, हे दोन्ही धडे या दिवसाच्या जन्माबरोबरच मिळालेले आहेत.

या सभेला उपोसथ म्हणतात. तिचे नियमही लक्षात घेण्यासारखे आहेत. प्रत्येक आवासाची सीमा ठरवून दिलेली असे आणि त्या सीमेतील सर्व भिक्षूंनी एकत्र येऊनच उपोसथ करावा, अपुऱ्या संघाने करू नये, असा दंडक होता. एखादा भिक्षू आजारी असेल तर त्याने आपले निवेदन दुसऱ्याजवळ पाठवावे. तेही शक्य नसेल तर त्याला खाटेवरून सभेत आणावे. आणि हलविल्याने त्याचा आजार वाढेल असे वाटले, तर संघानेच उठून त्याच्यापाशी जावे आणि तेथे सभा भरवावी. सभा पूर्ण व्हावी म्हणून सभेनेच गैरहजर माणसाकडे जावे, ही तरतूद सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी भारताला लोकशाही नवी नाही हे सांगताना भिक्षुसंघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. ठराव, गणसंख्या आणि शलाकेने मतदान यांचे नियम संघाला माहीत होते, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले.

ऐक्याला बाधा कशी येते, याची कथाही विनयातच आहे. कौशांबी येथे शौचकूपात भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवण्यावरून दोन भिक्षूंत वाद झाला. वाद वाढून संघात दोन तट पडले आणि एकाच सीमेत दोन वेगवेगळे उपोसथ होऊ लागले. बुद्धांनी समजूत घातली, ती कोणी ऐकली नाही. अखेर ते एकटेच तेथून निघून गेले. तेव्हा कौशांबीच्या उपासक-उपासिकांनी त्या भिक्षूंना वंदन करणे व भिक्षा देणे बंद केले. मग मात्र दोन्ही तट श्रावस्तीला गेले, चुका कबूल झाल्या आणि एकत्र उपोसथ करण्यात आला. विद्वानांचे भांडण सामान्य गृहस्थांनी मिटविले, असा या कथेचा इत्यर्थ आहे.

परंपरांतील भेद

पुढील शतकांत बौद्ध धम्म अनेक देशांत गेला आणि त्या त्या भूमीचे रूप त्याने धारण केले. भिक्षूंसाठीचे नियम थेरवादात २२७ आहेत, चीन व त्याच्या शेजारच्या देशांतील धर्मगुप्तक परंपरेत २५० आणि तिबेटमधील मूलसर्वास्तिवाद परंपरेत २५३ आहेत. सणाच्या तिथीतही फरक पडला. थेरवादी देशांत जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना वैशाखी पौर्णिमेच्या मानल्या जातात. तिबेटी परंपरेत चौथ्या महिन्याच्या सप्तमीला जन्म आणि त्याच महिन्याच्या पौर्णिमेला संबोधी व महापरिनिर्वाण पाळतात. त्या महिन्याला 'सागा दावा' असे नाव आहे. पूर्व आशियात चौथ्या महिन्यातील अष्टमी हा जन्मदिवस. जपानने १८७३ मध्ये नवे कॅलेंडर स्वीकारल्यापासून तेथे जन्मदिन ८ एप्रिलला, संबोधी ८ डिसेंबरला आणि महापरिनिर्वाण १५ फेब्रुवारीला पाळण्याचा प्रघात रूढ झाला.

सण साजरा करण्याच्या रीतीही तितक्याच विविध आहेत. श्रीलंकेत घरोघरी कागदी आकाशकंदील लागतात, जातककथांच्या चित्रांची भव्य तोरणे उभारली जातात आणि रस्त्यारस्त्यावर 'दानसल' म्हणजे मोफत अन्नपाण्याची केंद्रे उघडतात. ब्रह्मदेशात उन्हाने तापलेल्या बोधिवृक्षाला स्त्रिया घागरींनी पाणी घालतात. जपानमध्ये फुलांनी सजविलेल्या लहानशा मंडपात बालबुद्धाची मूर्ती ठेवून तिच्यावर गोड चहाचा अभिषेक करतात. कोरियात कंदिलांची मिरवणूक निघते; तिला युनेस्कोने २०२० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

तिथी वेगळी, भाषा वेगळी, विधी वेगळे असताना समान सण उभा राहिला तो आपोआप नव्हे. त्यासाठी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत जाणीवपूर्वक प्रयत्न झाले.

एकत्र येण्याचे प्रयत्न

श्रीलंकेत वसाहतकाळात वैशाखी पौर्णिमेची सुट्टी बंद झाली होती. बौद्धांनी चिकाटीने मागणी केल्यावर ती पुन्हा मिळाली आणि २८ एप्रिल १८८५ रोजी, त्या वर्षीच्या पौर्णिमेला, नवा बौद्ध ध्वज प्रथमच फडकला. निळा, पिवळा, लाल, पांढरा व नारिंगी असे पाच उभे पट्टे आणि या पाचही रंगांचा मिळून सहावा पट्टा, अशी त्याची रचना आहे. बुद्धांच्या देहातून प्रकट झालेल्या प्रभेचे हे रंग मानले जातात. कर्नल ऑल्कॉट यांच्या सूचनेवरून ध्वजाचा आकार नेहमीच्या राष्ट्रध्वजासारखा सुटसुटीत करण्यात आला. पुढे जागतिक बौद्ध संघटनेने हाच ध्वज स्वीकारला. आज महाराष्ट्रातील विहारावर जो पंचरंगी ध्वज दिसतो तो हाच. तो कोणत्याही एका पंथाचा नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

ऑल्कॉट यांनीच जानेवारी १८९१ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे ब्रह्मदेश, श्रीलंका, चितगाव व जपान येथील बौद्ध प्रतिनिधींना एकत्र आणले आणि सर्वांना मान्य होतील अशा चौदा मुद्द्यांचे निवेदन तयार केले. त्यानंतर प्रा. मलालसेकर यांच्या पुढाकाराने मे १९५० मध्ये श्रीलंकेत 'वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स' या संस्थेची स्थापना झाली. त्या परिषदेला सत्तावीस देशांचे प्रतिनिधी जमले होते आणि डॉ. आंबेडकर तेथे उपस्थित होते. १९६७ मध्ये जागतिक बौद्ध संघ परिषदेने वाल्पोल राहुल या विद्वान भिक्षूंनी तयार केलेले, थेरवाद व महायान यांना जोडणारे नऊ मुद्दे मान्य केले. देशोदेशीचे आचार आणि विधी भिन्न असले तरी या बाह्य रूपांची मूळ शिकवणीशी गल्लत करू नये, हा त्यांतील शेवटच्या मुद्द्याचा आशय. १५ डिसेंबर १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून मे महिन्यातील पौर्णिमेच्या वैशाख दिनाला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र स्पष्ट होते. एकत्र येण्यासाठी कोणत्याही परंपरेने आपले ग्रंथ, आपली तिथी किंवा आपला विधी सोडला नाही. जपानी बौद्ध ८ एप्रिललाच फुलांचा उत्सव करीत राहिले. तिबेटी बौद्धांचा सागा दावा तसाच चालू राहिला. समान ठरले ते अगदी थोडे : एक दिवस, एक ध्वज, बुद्ध-धम्म-संघ यांचे शरण आणि पंचशील. बाकी सर्व ज्याचे त्याच्याकडे. समान भाग लहान ठेवला म्हणूनच तो टिकला. सर्वांनी सर्वच बाबतींत एकसारखे व्हावे असा आग्रह धरला असता, तर कौशांबीची पुनरावृत्ती झाली असती.

महाराष्ट्राचा वारसा

महाराष्ट्राच्या भूमीला ही गोष्ट नवी नाही. चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, महाराष्ट्रात आला होता. येथे शंभराच्या आसपास संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्षू असून ते हीनयान व महायान या दोन्हींचे अध्ययन करतात, असे त्याने नमूद केले आहे. अजिंठ्याला जाणाऱ्या कोणालाही हे डोळ्यांनी पाहता येते. नवव्या व दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांतील साधे स्तूप इसवी सनापूर्वीचे आहेत, तर सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची विशाल मूर्ती पाचव्या शतकातील. सुमारे सहा शतकांच्या अंतराने आलेल्या दोन परंपरा एकाच डोंगराच्या कुशीत नांदल्या.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख आणखी एक गोष्ट सांगतात. तेथील खांब व द्वारे यांसाठी दान देणाऱ्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतारही आहे. परदेशी व्यापारी आणि गावचा कारागीर यांची नावे एकाच दगडावर कोरली गेली. आजच्या भाषेत बोलायचे तर ती लोकवर्गणीच होती आणि वर्गणीदारांच्या यादीत कोणाला मज्जाव नव्हता.

आधुनिक काळात हा धागा पुन्हा जोडला तो धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस ज्ञानाच्या ओढीने घराबाहेर पडला. १९०२ मध्ये श्रीलंकेत त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली, ब्रह्मदेशात वास्तव्य केले, पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनाचे काम केले आणि हे सारे ज्ञान मराठीत आणले. मुंबईतील परळ या कामगारवस्तीत १९३७ मध्ये त्यांनी बहुजन विहार सुरू केला. विद्वत्तेच्या शिखरावरील व्यक्तीने गिरणी कामगारांच्या वस्तीत विहार उघडावा, हे त्यांच्या धम्मविचाराला साजेसेच होते.

त्याच परळमधील नरे पार्कवर २४ मे १९५६ रोजी, बुद्ध महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षीच्या वैशाखी पौर्णिमेला, डॉ. आंबेडकरांनी येत्या ऑक्टोबरमध्ये आपण बौद्ध धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी रंगून येथे सहाव्या धम्मसंगीतीची सांगता होत होती. तत्पूर्वी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी पुण्याजवळ देहूरोड येथे स्थापना केली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेचे स्वरूप या दृष्टीने नीट पाहण्याजोगे आहे. बाबासाहेबांनी त्रिशरण व पंचशील घेतले ते कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून. चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशचे आणि थेरवादी परंपरेतील. नंतर बाबासाहेबांनी स्वतः जमलेल्या लाखो अनुयायांना दीक्षा दिली आणि स्वतः रचलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांच्याकडून म्हणवून घेतल्या. एकाच समारंभात दोन गोष्टी घडल्या. जगातील सर्व बौद्धांचे जे समान आहे ते स्वीकारले गेले आणि शतकानुशतके अस्पृश्यतेचा जाच सोसलेल्या समाजाच्या मुक्तीसाठी जे आवश्यक होते ते त्यात जोडले गेले. पहिल्याने दुसऱ्याला अडविले नाही आणि दुसऱ्याने पहिल्याला सोडले नाही. महाराष्ट्रातील बौद्धांची परंपरा अशी जन्मतःच समान आणि स्वतंत्र आहे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या २७,८९,५०१ इतकी नोंदली गेली, यावरून या परिवर्तनाचा आवाका ध्यानात येतो.

विदर्भातील मेळ

दीक्षेनंतरच्या काळात विदर्भ हे अनेक बौद्ध परंपरांचे भेटीचे ठिकाण झाले आहे. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षाची रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणली. अनुराधपूरचा तो वृक्ष संघमित्रेने बुद्धगयेहून नेलेल्या फांदीचा, असे परंपरा सांगते. दोन हजारांहून अधिक वर्षांनी तो वंश पुन्हा भारतात रुजला. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई यांनी नागपूर ही आपली कर्मभूमी केली. कामठी येथे जपानी सहकार्याने उभारलेले ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार १९९९ मध्ये सुरू झाले. वर्ध्याला जपानी भिक्षू फुजी गुरुजी यांनी १९३३ मध्ये महात्मा गांधींची भेट घेतली होती. त्यांच्या परंपरेचा मंत्र पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेचा भाग झाला आणि वर्ध्यात विश्वशांती स्तूप उभा राहिला. सध्याच्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत वसविण्यात आली. धानाच्या खाचरांच्या त्या मुलुखात तिबेटी प्रार्थनाध्वज फडकू लागले. आणि याच परिसरात, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे, १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष प्रकाशात आले.

अशा प्रदेशात बुद्ध जयंतीला वेगवेगळ्या परंपरांचे लोक एका मंडपात येणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे काही नाजूक प्रश्न उभे राहतात आणि ते टाळण्यात अर्थ नाही. दीर्घ मंत्रपठण, धूपदीप व वाद्ये यांची सवय असलेल्या परंपरेला महाराष्ट्रातील बौद्धांची साधी वंदना आणि त्यानंतरचे तास-दीड तासाचे प्रबोधनपर भाषण अनोळखी वाटते. उलटपक्षी, कर्मकांडाच्या ओझ्यातून बाहेर पडलेल्या समाजाला तिबेटी वा जपानी विधी पाहून हे पुन्हा जुन्याच वाटेने जाणे तर नव्हे, अशी शंका येते. व्यासपीठावर बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची प्रतिमा असावी की नसावी, हा प्रश्न बाहेरून आलेला एखादा पाहुणा सहज विचारून जातो; महाराष्ट्रातील बौद्धांच्या मात्र तो काळजाला लागतो. ज्याने माणूसपण मिळवून दिले त्याला बाजूला ठेवून सण साजरा करा, असे कोणालाही सांगता येणार नाही.

याचे उत्तर पूर्वी सांगितलेल्या सूत्रातच आहे. समान तेवढे सर्वांनी मिळून करावे. ध्वजारोहण, त्रिशरण, पंचशील आणि काही क्षणांचे मौन यांत कोणाचीही हरकत येत नाही. त्यानंतर प्रत्येक परंपरेने आपले पठण आपल्या भाषेत, आपल्या रीतीने, ठरलेल्या वेळात करावे व इतरांनी ते शांतपणे ऐकावे. आपला विधी दुसऱ्यावर लादू नये आणि दुसऱ्याच्या विधीची मंडपात चिकित्सा करू नये. यजमान समाजाने आपली श्रद्धास्थाने संकोच न करता मांडावीत, पाहुण्यांनी त्यांचा आदर राखावा. पठणानंतर थोडक्यात त्याचा अर्थ मराठीत सांगितला तर शंका पुष्कळशा आपोआप फिटतात. मौन धरून बसलेल्या भिक्षूंविषयी प्राचीन काळच्या लोकांनी केलेली तक्रार येथेही लागू पडते. शेवटी एकत्र भोजन असावे. ज्या देशात पंगत हीच भेदाची खूण होती, तेथे सहभोजनाइतके बोलके प्रवचन दुसरे नाही.

गावाचे काम

आता प्रश्न येतो तो गावाचा. पुष्कळ गावांत असे दिसते की, बुद्ध जयंती ही बौद्ध वस्तीची, तर हनुमान जयंती उर्वरित गावाची, अशी अलिखित वाटणी होऊन बसते. कोणी कोणाला विरोध करीत नाही. पण कोणी कोणाकडे जातही नाही. एकाच सीमेत दोन उपोसथ चालावेत, तसा हा प्रकार होय. शांतता दिसते, परंतु सभा अपुरी असते.

पंचायत सदस्यांना यात करता येण्याजोगे काम साधे आहे. मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि विजेची व्यवस्था यांविषयी आठ-दहा दिवस आधी सर्व वस्त्यांतील प्रमुख मंडळींना एकत्र बसवून बोलणे करावे. मार्ग गावाच्या मुख्य रस्त्यावरून जावा ही मागणी केवळ सोयीची नसते. त्यामागे समान नागरिकत्वाची भावना असते, हे ओळखावे. बुद्ध पौर्णिमा एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात येते. हे दिवस टंचाईचे असतात. त्या दिवशी गावातील सर्व वस्त्यांत पाणी पोहोचले आहे की नाही, हे पाहणे हीच पंचायतीची खरी मानवंदना होय. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उद्भवलेला तंटा डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी जोडला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रहही पाण्याचाच होता. ज्या सणाच्या इतिहासाशी पाण्याचा असा संबंध आहे, त्या दिवशी पाणपोई ही शोभेची वस्तू राहू नये.

शिक्षकांची अडचण वेगळी आहे. बुद्ध पौर्णिमा बहुधा उन्हाळी सुट्टीत येते, त्यामुळे शाळेत ती साजरी होत नाही आणि मुलांना तिची ओळख होत नाही. सुट्टी लागण्यापूर्वी एक तास यासाठी राखता येईल. ब्रह्मदेशातील बोधिवृक्ष, जपानमधील फुलांचा मंडप, श्रीलंकेतील आकाशकंदील आणि आपल्या गावातील खीर यांचे एक भित्तिपत्रक मुलांकडून करून घेतले, तर भूगोल आणि सहिष्णुता यांचा पाठ एकाच वेळी होतो. जवळपास लेणे वा स्तूप असल्यास तेथील सहल याहून उत्तम.

शासकीय कर्मचाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. सण लोकांचा आहे; त्याचे यजमानपण त्यांच्याकडेच राहू द्यावे. व्यासपीठावर जाण्याची घाई करण्यापेक्षा मंडपामागील पाण्याची टाकी, रस्ता आणि दिवा यांची काळजी वाहणे अधिक उपयोगाचे. बिंबिसाराने सूचना केली. पण उपोसथाचे नियम संघानेच ठरविले, ही मर्यादा राजालाही मान्य होती.

पूर्ण सभा

बंधुभगिनींनो, वैशाखी पौर्णिमेने जगातील बौद्धांना एकत्र आणले ते त्यांच्यातील भेद पुसून नव्हे. दोनशे सत्तावीस नियम पाळणारा आणि दोनशे त्रेपन्न नियम पाळणारा, दोघेही एकाच चंद्राखाली बसले आणि आपापल्या भाषेत एकच शरण गेले. गावालाही एवढेच साधायचे आहे. प्रत्येकाने आपले दैवत, आपली रीत आणि आपला अभिमान राखावा. पण वर्षातून एकदा तरी सीमेतील सर्वांनी एकत्र बसावे.

तेव्हा येत्या पौर्णिमेला मंडप भरला, ध्वज चढला, खीर शिजली, की गावातील जाणत्या माणसांनी एकदा सभोवार नजर फिरवावी. कोण आले आहे हे सहज दिसते. कोण आलेले नाही हे शोधावे लागते. कोणी आजारी असेल, कोणी वृद्ध असेल, कोणी रुसलेला असेल, कोणाला आजवर बोलावलेच नसेल. जो येऊ शकत नाही त्याच्याकडे सभेने जावे, असा संघाचा जुना नियम आहे. खिरीची एक वाटी घेऊन त्याच्या दारापर्यंत जाण्याचे अंतर फार नसते. ते अंतर तोडले म्हणजे गावाची सभा पूर्ण झाली, असे म्हणता येईल.